पहारा संपल्यावर

शीवला कुणी काही पाहायला येत नाही. येतात ते पेशंट पाहायला. टिळक रुग्णालयाच्या दारात संध्याकाळी जी गर्दी लोटते, तिच्या हातात शहाळी असतात, बिस्किटांचे पुडे असतात आणि नजर वॉर्डाचा नंबर शोधत असते. बाकीचे सगळे शीववरून जातात. इथून ठाण्याकडे वळा, इथून पनवेलकडे वळा, इथून धारावीत शिरा, चुकलात तर माटुंग्याला परत जा. गिरगावला चौपाटी आहे, दादरला शिवाजी पार्क आहे, लालबागला राजा आहे. आम्हाला वळणं आहेत. स्टेशनजवळचा शंभरी उलटलेला पूल २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाडकामासाठी बंद झाला, तेव्हापासून तर वळणांबरोबर वळसेही आले आणि शीवचं नाव घेताना लोकांचा आवाज आपोआप चढायला लागला.

अशा या शीवला साता समुद्रांपलीकडून आलेला एक माणूस मुद्दाम देखावा काढायला बसला होता, असं मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

“सायनला? कसला देखावा?”

“किल्ल्याच्या टेकडीवरून दिसतो तो.”

“तिथे कॉलेजची पोरं-पोरी जातात.”

“तीही काहीतरी पाहायलाच जातात ना!”

“ती एकमेकांना पाहतात,” सेक्रेटरी म्हणाले आणि पाण्याच्या टाकीच्या विषयाकडे वळले. शीवला सगळेच वळतात.

त्या माणसाचं नाव जेम्स वेल्स. स्कॉटलंडचा. जन्म १७४७ चा. १७९१ साली तो मुंबईत उतरला तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती, बायकामुलांचा संसार मागे होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीकडून मिळालेली परवानगी होती ती माणसांचे चेहरे रंगवायची. चेहऱ्यांना गिऱ्हाईक असतं. टेकडीला नसतं. टेकडी आगाऊ रक्कम देत नाही, नाक जरा सरळ काढा म्हणत नाही आणि चित्र पुरं झाल्यावर दिवाणखान्यात लावायला घेऊनही जात नाही. तरीही १७९१ आणि १७९२ या दोन वर्षांत या माणसाने मुंबई बेट आणि आसपासचे देखावे काढले. त्यातले बारा निवडून त्यांचं पुस्तक लंडनमध्ये १८०० साली निघालं. त्या बारांत मुंबईचं बंदर आहे, मलबार हिल आहे आणि शीवच्या किल्ल्यावरून दिसणारा देखावाही आहे. आज मुंबईची बारा प्रेक्षणीय स्थळं निवडा असं कुणाला सांगितलं, तर शीव यादीत यायला यादी किमान दीडशेची करावी लागेल.

त्याला इथे बसावंसं का वाटलं असेल, याचा मी बरेचदा विचार करतो. उंची म्हणावी तर टेकडी बेताचीच. चढताना धाप लागते ती वयामुळे लागते, टेकडीला त्याचं श्रेय घेता येणार नाही. पण जागा मोक्याची होती. मुंबई इथे संपायची. खाली खाडीचं पाणी आणि खारी दलदल, पलीकडे साष्टी, आणि तिच्यामागे उठत गेलेले डोंगर. किल्ला बांधला तो याच मोक्यासाठी. बांधला तो जेराल्ड आँजिए मुंबईचा गव्हर्नर असताना, म्हणजे १६६९ ते १६७७ या काळात. खाडीपलीकडची साष्टी तेव्हा पोर्तुगीजांची होती, त्यामुळे या टेकडीवर माणूस बसला की त्याचं काम एकच: पलीकडून कोण येतंय ते पाहा. पुढे १७३७ साली मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली, दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई घेतली. मग तर इथल्या पहारेकऱ्याचे डोळे चुरचुरेपर्यंत उघडे राहिले असतील. धारावीतला काळा किल्ला त्याच १७३७ सालचा. म्हणजे इंग्रजांना धास्ती किती, ते दगडात मोजून ठेवलेलं आहे.

पहारेकऱ्याला समोरची खाडी दिसते, पण ती सुंदर आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. संध्याकाळी पाण्यावर केशरी रंग पसरला की तो म्हणत असेल, आता अंधार पडणार, सांभाळा. धुकं पडलं की त्याच्या पोटात गोळा. भरतीचं पाणी चढलं की होड्या आत येऊ शकतात, एवढाच त्याचा भरतीशी संबंध. डोळे तेच, टेकडी तीच, समोरचा मुलूखही तोच. देखावा मात्र नाही.

मग १७७४ च्या अखेरीला इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, साष्टी त्यांच्याकडे गेली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्का बसला. शीवचा किल्ला एका रात्रीत बिनकामाचा झाला. पलीकडचा मुलूख आपलाच, मग पाहायचं कुणाला? तोफा होत्या, बुरूज होते, शत्रू तेवढा बेपत्ता. अशा किल्ल्यावर नऊ-दहा वर्षांनी वेल्स आला आणि त्याने कागद पसरला. पहारा संपल्यावरच तिथे देखावा सुरू झाला. मला वाटतं, निसर्गचित्राची सगळी गोष्ट एवढीच आहे. ज्या जागेशी आपलं काही काम उरलेलं नाही, तिथे बसून राहायचं आणि पाहायचं.

आता यावर कुणी इतिहासाचा जाणकार मला हटकेल, आणि त्याचं बरोबरच असेल. हा निवांतपणा फुकटचा नव्हता. साष्टी चित्रात शांत दिसते, कारण ती आधी घेतलेली होती. जिंकलेल्या मुलखाचेच देखावे निघतात. ज्याच्याशी लढाई चालू असते त्याचे नकाशे निघतात. वेल्सचं पुस्तक लंडनमध्ये ज्यांनी चाळलं असेल, त्यांना माडांच्या रांगांमागे आपली मालमत्ताही दिसलीच असणार. हे सगळं मान्य करून मी पुढे जातो, कारण वेल्स पुढे गेला तो पुण्याला.

१७९२ साली तो पेशव्यांच्या दरबारी पोचला. चार्ल्स मॅलेट हा कंपनीचा वकील तिथे होता, तो त्याचा पाठीराखा. वेल्सने सवाई माधवरावांना रंगवलं, महादजी शिंद्यांना रंगवलं, नाना फडणविसांना रंगवलं. आपल्या डोळ्यांपुढे नानांचा जो लांबट, सडपातळ, कुणाचाही हिशेब पटकन मान्य न करणारा चेहरा येतो, तो बराचसा या स्कॉटिश माणसाच्या कुंचल्यातून आलेला आहे. मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळाही निघाली. पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट हा मराठी चित्रकार वेल्सच्या हाताखाली काम करू लागला. गंगारामने वेरूळ काढलं, कार्ले काढलं, आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही काढला. पुण्यात त्या काळी गेंडा होता आणि तो काढायला शांतपणे बसणारा माणूसही होता, ही दोन्ही वाक्यं मला सारखीच आश्चर्याची वाटतात.

दरबारातले चेहरे हे वेल्सचं पोट होतं. जीव मात्र लेण्यांत अडकलेला. घारापुरी, कार्ले, वेरूळ, कान्हेरी: जिथे खांब दिसला तिथे हा माप घ्यायला उभा. १७९३ मध्ये थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे मोठे नावाजलेले देखावेकार मुंबईत आले, तेव्हा त्यांना मुंबईभोवतीची लेणी दाखवायला वेल्सच निघाला. चित्रकार दुसऱ्या चित्रकाराला आपल्या जागा दाखवतो, हे फार क्वचित घडतं. साधा मासेवाला चांगला मिळाला तरी आपण शेजाऱ्याला पत्ता सांगताना थांबतो.

आणि मग १७९५. कान्हेरीची लेणी काढता काढता वेल्सला ताप भरला. त्यातून तो उठला नाही. नोव्हेंबरात साष्टीतच त्याचा अंत झाला. शीवच्या टेकडीवरून समोर दिसणारा मुलूख त्याने चार वर्षांपूर्वी कागदावर घेतला होता, त्याच मुलखाने त्याला ठेवून घेतलं. महादजी आदल्या वर्षीच गेले होते. तरुण सवाई माधवराव त्याच्याआधी काही आठवडे, ऑक्टोबरात, शनिवारवाड्यात गेले. नाना मागे राहिले. ते गेले मार्च १८०० मध्ये, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये वेल्सचे मुंबईचे बारा देखावे प्रसिद्ध झाले. काढणारा नाही, ज्यांना काढलं तेही नाहीत, आणि एकोणिसावं शतक दारात उभं. वेल्सच्या मुलीचं, सुझानाचं, १७९९ मध्ये मॅलेटशी लग्न झालं. वेरूळची त्याची रेखाटनं डॅनियलांनी १८०३ मध्ये छापून काढली. माणसाने चार वर्षांत जे काढलं, ते मित्रांना निस्तरायला आठ वर्षं लागली.

त्याच सुमाराला, १८०३ च्या आगेमागे, गव्हर्नर डंकनने शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये खाडीवर बांध घातला. मुंबई साष्टीला जोडली गेली. शीव हे टोक होतं ते रस्ता झालं. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तीही इथूनच. त्यानंतर आम्ही जे वळण झालो ते आजतागायत.

देखावे काढून पोट भरतं का, हा प्रश्न प्रत्येक मराठी घरात एकदा तरी विचारला गेला आहे. चित्रकलेच्या परीक्षेत पहिल्या श्रेणीत आलेल्या मुलाला आई म्हणते, “छान आहे हो, पण बँकेची परीक्षाही देऊन ठेव.” या आईच्या बाजूने साक्ष द्यायला रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले उभा आहे. कंपनीच्या मुंबई फौजेतला हा अधिकारी. नोकरी करता करता पश्चिम हिंदुस्थानातले घाट, देवळं, बंदरं यांची चित्रं जमवत आणि काढत राहिला. १८२६ ते १८३० या काळात त्याने त्यांचे रंगीत खंड लंडनमध्ये प्रसिद्ध केले. सुंदर आहेत. पण ते निघत असतानाच, १८२८ मध्ये, त्याने हिंदुस्थानात राहणाऱ्या गोऱ्यांची पैशाअडक्याची आणि प्रवासाची कामं पाहणारी एक पेढी काढली. त्या पेढीची पुढे ग्रिंडलेज बँक झाली. फोर्टातल्या ग्रिंडलेजमध्ये नोकरी म्हणजे जावई चांगला, असा एक काळ होता. त्या बँकेचा मूळ पुरुष देखावे काढणारा होता, हे किती सासऱ्यांना ठाऊक असेल? ठाऊक असतं तर लग्नं मोडली असती.

ज्याने बँक काढली नाही, त्याचं काय होतं हे पाहायचं तर एडवर्ड लिअरकडे यावं. तो जन्माने आणि धंद्याने एकोणिसाव्या शतकाचा. १८१२ साली लंडनला जन्म, एकवीस भावंडांतला विसावा, लहानपणापासून फेफऱ्याचा आजार. थोरल्या बहिणीने वाढवला. विशी गाठायच्या आत पोपटांची चित्रं काढून नाव मिळवलं. मग बारीक कामाने डोळे दुखू लागले म्हणून पिसं सोडून डोंगरांकडे वळला. डोळ्यांना त्रास होतो म्हणून लांबचं पाहायचं, हा उपाय आमच्याकडचे डॉक्टरही सांगतात. पण त्यावर उभं आयुष्य काढणारा हा एकच. १८४६ मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीला चित्रकलेचे धडे दिले. त्याच वर्षी मुलांसाठी निरर्थक कवितांचं पुस्तक काढलं. जगाने त्याच्या कविता लक्षात ठेवल्या आणि चित्रं विसरलं. त्याला स्वतःला मात्र शेवटपर्यंत आपण निसर्गचित्रकार आहोत असं वाटत होतं, आणि ते खरंच होतं.

१८७३ च्या २२ नोव्हेंबरला, एकसष्टाव्या वर्षी, ज्योर्जो नावाच्या आपल्या जुन्या नोकराला घेऊन लिअर मुंबईच्या बंदरात उतरला. व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक हा त्याचा मित्र, त्याचं आमंत्रण होतं. पुढे वर्षभराहून अधिक काळ हा थकलेला, चष्मेवाला, पोट सुटलेला म्हातारा हिंदुस्थानभर फिरला. कांचनजुंगा काढली, मलबार काढलं, ऐन पावसाळ्यात पुण्याला राहिला. त्याची पद्धत मजेशीर. जागेवर बसायचं, पेन्सिलने भराभर रेखाटायचं, आणि रंग द्यायला वेळ नाही म्हणून चित्रातच शब्द लिहून ठेवायचे: इथे निळा, इथे कातळ, इथे झाडी. तारीख टाकायची, कधी कधी वेळसुद्धा. मग सावकाश त्यावर शाई आणि जलरंग चढवायचे. वाण्याच्या यादीला आणि आकाशाला त्याने एकाच कागदावर नांदवलं होतं.

मुंबईहून उत्तरेकडे निघाला तेव्हा लिअरची गाडी बहुधा शीववरूनच गेली असणार. खिडकीतून त्याला आमची टेकडी दिसली असेल. पण तो थांबला नाही. फास्ट गाडी आजही शीवला थांबत नाही, तेव्हा मी त्याच्यावर राग धरलेला नाही.

लिअरबद्दल मला खरी आपुलकी वाटते ती त्याच्या शेवटच्या दिवसांमुळे. इटलीत सान रेमोला समुद्र दिसेल असं घर त्याने हौसेने बांधलं होतं. त्याला चित्रांसाठी उजेड हवा होता आणि डोळ्यांसाठी पाणी. काही वर्षांनी समोर एक भलंथोरलं हॉटेल उभं राहिलं आणि समुद्र गेला, उजेडही गेला. जगातल्या सगळ्या निसर्गचित्रकारांत मुंबईकराला जवळचा वाटावा असा हा एकच क्षण आहे. आमच्या गल्लीत अशी हॉटेलं, म्हणजे टॉवर, दर पावसाळ्यानंतर उगवतात. लिअर चिडला, रडला, आणि मग साठी उलटल्यावर दुसऱ्या जागी थेट तसंच्या तसं घर पुन्हा बांधलं. खोल्यांची मांडणीही तीच. म्हणतात, त्याच्या फॉस नावाच्या लाडक्या बोक्याला नव्या घरात चुकल्यासारखं होऊ नये म्हणून. बोका १८८७ मध्ये गेला, लिअर १८८८ च्या जानेवारीत. आमच्याकडे पुनर्विकासात माणसांना चुकल्यासारखं होईल, याची काळजी कुठल्या नकाशात केलेली मी पाहिलेली नाही.

देखाव्याला आता भाव आलेला आहे. नव्या इमारतींच्या माहितीपत्रकात ‘व्ह्यू’ स्वतंत्र ओळीत छापलेला असतो. चौदाव्या मजल्यावरून खाडी, एकविसाव्यावरून डोंगर, त्याच्यावर गेलात तर दोन्ही आणि कर्जाचा हप्ता. परवा एका तरुण शेजाऱ्याने मला त्याचा नवा फ्लॅट दाखवला. मोठ्या काचेतून माहुल-ट्रॉम्बेच्या बाजूची धुरांडी, मधली तिवरं, लांबवर पाण्याची एक चकाकती पट्टी, असं सगळं दिसत होतं.

“झकास आहे रे,” मी म्हटलं.

“हो ना काका. पण पडदा लावूनच ठेवतो. टीव्हीवर उजेड पडतो.”

त्याचा दोष नाही. तो दिवसभर बीकेसीत पडद्यावरच्या आकड्यांवर पहारा करतो, घरी येताना लोकलच्या इंडिकेटरवर पहारा करतो, घरी आल्यावर फोनवर. आम्ही सगळेच पुन्हा किल्ल्यावरचे शिपाई झालो आहोत. कुठून काय येतंय एवढंच पाहायचं. समोर काय आहे ते पाहायला सवड नाही.

सवड कशी काढावी, हे आपल्याच माणसाने दाखवून दिलेलं आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात मुंबईला आले, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, नाव मिळवलं. इथे राहिले असते तर पोर्ट्रेटांवर घर चाललं असतं. ते कोल्हापूरला परतले. शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, पण रमले ते रंकाळ्याच्या काठी, कोटितीर्थावर, संध्यामठापाशी. तीच पाणथळ, तीच झाडं, बदलत जाणारा उजेड. १९३१ साली ते गेले तोवर हे चाललं. वेल्सला देखावा लंडनला पाठवायचा होता, ग्रिंडलेला छापायचा होता, लिअरला श्रीमंत मित्रांना विकायचा होता. आबालालांचा देखावा घराजवळच होता आणि त्यांना तो फक्त पाहायचा होता. निसर्गचित्रकार म्हणून मला या चौघांत तेच मोठे वाटतात.

शीवचा किल्ला अजून आहे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. पायथ्याशी नेहरू उद्यान आहे, वर पडक्या खोल्या आहेत, जुनी तोफ आहे, भिंतींवर बदाम कोरून लिहिलेली नावं आहेत. खाडी बारीक झाली आहे, पलीकडे द्रुतगती मार्ग वाहतो, धारावीचे निळे पत्रे आहेत आणि त्यांच्यामागे काचेच्या इमारती. वेल्सला ओळखू येणार नाही असा मुलूख आहे, पण मुलूख आहे. तेव्हा कधीतरी रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, शीवला या. कुणी पेशंट नसताना या. फोन खिशात ठेवा, टेकडी चढा, बुरुजावर पंधरा मिनिटं नुसते बसा. चित्र काढता येत नसलं तरी चालेल. चित्रकार होण्यासाठी लागणारं अर्धं काम तेवढ्यात होतं, आणि उरलेलं अर्धं न जमलं तरी कुणी विचारायला येत नाही.